तिसरं निरीक्षण

२ डिसेंबर

नवी वही. जुन्या वहीत आठ वर्षांची कुरकुर आहे, ती तिथेच राहू दे. या वहीत फक्त जे करायचं ते लिहायचं.

आज शेखरने केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्य झाल्यापासून तो मला रंजनाताई म्हणतो. त्याआधी मी नुसती रंजना होते आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर कागदांची सुरळी धरून शहापूर-मुरबाडमधली गावं फिरत होते. फेब्रुवारीत कॉलेजला मूल्यांकन समिती येणार आहे. तिला काहीतरी नवं दाखवायचं म्हणून त्याने ‘फ्लिप्ड क्लासरूम’ काढलंय. म्हणजे व्याख्यान मुलांनी घरी व्हिडिओवर ऐकून यायचं आणि वर्गात फक्त प्रश्न, चर्चा, हाताने करायचं काम. कला इतिहासाचे बारा व्हिडिओ मी करायचे.

“आवाज तुमचाच हवा. मुलांना सवय आहे.”

“आणि नाव?”

“मालिका संस्थेची असते हो ताई. वर प्राचार्यांचं नाव घालायची पद्धत आहे.”

“मग तसं लिहून द्या.”

त्याला वाटलं मी रुसले. हसत हसत त्याने लेटरहेडवर लिहून दिलं: मालिकेचा आशय, मांडणी व संशोधन प्राचार्यांचे, तासिका तत्त्वावरील शिक्षिकेचे सहकार्य आवाजापुरते. खाली सही, शिक्का.

कागद या पानाला चिकटवला आहे. तो कशासाठी मागितला हे मागताना मलाही नीट ठाऊक नव्हतं.

५ डिसेंबर

आता ठाऊक आहे.

आज कपाटातून त्याचं पुस्तक काढलं. आपल्याकडच्या वीरगळांवरचं. लढाईत मेलेल्या माणसाचा स्मारकदगड तो वीरगळ. खालच्या कप्प्यात झुंज, मधल्या कप्प्यात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो देवापुढे हात जोडून बसलेला. असे एक्केचाळीस दगड आम्ही शोधले. प्रत्येकावर कागद ताणून शिसं घासत ठसा मी घेतला. उन्हात मी घासायची, शेखर छत्री धरायचा. पुस्तकाच्या कव्हरवर त्याचं नाव आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘स्थानिक सहकार्य: एक शिक्षिका’.

एक शिक्षिका! या पुस्तकावर तो प्राचार्य झाला आणि मी तासिकेवर राहिले.

पान ३१ वर बराच वेळ थांबले. मोहाच्या वाडीतला दगड. त्याने हे पान छापलं, पण कधी पाहिलं नसणार. पाहायचं काम माझं होतं.

१६ डिसेंबर

कबूल करायला हवं, पद्धत चांगली आहे. वर्गात आता मी बोलतच नाही. एक नियम घातलाय: प्रत्येकाने येताना तीन निरीक्षणं लिहून आणायची. व्हिडिओत ऐकलेलं लिहायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. घरातला उंबरठा, देवळातला खांब, काहीही चालेल. पोरं पहिल्यांदाच भांडताहेत, तेही कलाकुसरीवरून.

सोमी सगळ्यांत पुढे. शेणव्याच्या पलीकडे पाऊण तास चालल्यावर मोहाची वाडी लागते, तिथली ती. वाडीत रेंज नाही, म्हणून कॉलेजात व्हिडिओ उतरवून घेते आणि घरी लावते.

“एकटीच बघतेस?”

“एकटी कशी बघणार मॅडम? आवाज आला की सगळी वाडी येते. आजी तर म्हणते, तुझी बाई बरी हाय, मधी खोकत नाय.”

वर्ग हसला. मीही हसले. नंतर बसमध्ये डोक्यात आलं की पान ३१ चा दगड सोमीच्या वाडीतला आहे. आलं आणि गेलं.

८ जानेवारी

सातवा व्हिडिओ झाला. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच खोटं वाटायला नको.

पान ३१ च्या दगडावर, खालच्या कप्प्यात, ढाल-तलवार घेतलेल्या वीराच्या डोक्यावर अंबाडा आहे. त्या काळी पुरुषही अंबाडा बांधत. वीरगळ पाहणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. व्हिडिओत मी म्हटलं, “हा अंबाडा नीट पाहा. ही स्त्री आहे. मोहाच्या वाडीचा हा दगड म्हणजे आपल्या भागातली एकमेव वीरांगना.” आवाज जराही हलला नाही.

त्या वीराला मिशी आहे. आज ती दगडावर दिसत नसणार, शेंदराचे थर चढले असतील. पण आठ वर्षांपूर्वी थर पातळ होता आणि माझ्या ठशात ती आली. म्हणजे शेखरच्या पुस्तकातही आहे.

समितीपुढचा तास तो स्वतः घेणार आहे. तयारी म्हणून माझे व्हिडिओ ऐकेल, दुसरं काही करणार नाही. ‘एकमेव’ शब्द ऐकला की तो उचलणारच. समितीत वीरगळांतल्या जाणकार एक बाई आहेत, त्यांच्या हातात त्याचंच पुस्तक असेल. मग माझ्याकडे बोट दाखवायची सोय नाही. आशय, मांडणी, संशोधन: प्राचार्य.

मुलांना नंतर वर्गात खरं सांगेन. एक महिन्याचा प्रश्न आहे.

१३ जानेवारी

सोमी म्हणाली, आजीने सातवा व्हिडिओ तीनदा लावायला लावला. ठकी तिचं नाव. वालाच्या शेंगा सोलता सोलता ऐकत होती, मग सोलायची थांबली म्हणे.

“का? आवडला का?”

“त्या दगडाला आमच्यात बायांनी शिवायचं नाय, मॅडम. बुधूकाका शेंदूर लावतो, तोच पूजा करतो. बाई आडवी गेली तरी ओरडतो. आजी त्याला म्हणाली, बाई हाय ती. मोठ्या कॉलेजातनं सांगितलंय. बाईला बाईचा कसला रं विटाळ?”

“मग?”

“काका काय बोललाच नाय. कॉलेजातनं सांगितलंय म्हटल्यावर काय बोलणार?”

मला तो दगड आठवला. ठसा घ्यायला गेले तेव्हा याच बुधूने आधी अडवलं होतं. मग कागदाकडे पाहून म्हणाला, “कागुद मधी हाय ना? मंग शिवल्यासारखं नाय. घ्या.” म्हणजे मीही तो दगड कधी शिवलेली नाही.

दुरुस्ती करायची ती समिती गेल्यावर. आत्ता सांगितलं तर शेखरच्या कानावर जाईल.

१५ जानेवारी

काल संक्रांतीला मोहाच्या वाडीतल्या बायका हळद-कुंकू घेऊन दगडाकडे गेल्या. सोमीने फोनवर फोटो दाखवला. दगडाला हिरव्या बांगड्या वाहिल्यात. ठकी पुढे आहे, हात दगडावर, कॅमेऱ्याकडे बघतही नाही.

“तूही हात लावलास?”

“लावला ना! सगळीकडनं.”

ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात शिपाई आला. शेखरने बोलावलं होतं. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला तो ‘माझ्या संशोधनातली वीरांगना’ सांगत होता आणि मला शुद्धलेखन तपासायला बसवलं होतं. पंधरा मिनिटं मी त्याच्या तोंडून माझं खोटं ऐकलं. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

२७ जानेवारी

बातमी आली. ‘प्राचार्यांनी शोधली वीरांगना.’ कात्रण या पानाला लावलंय.

सोमीचा मात्र वर्गात लक्ष देण्याचा उत्साह गेलेला दिसतो. सलग दुसऱ्या आठवड्यात तिच्या कागदावर दोनच निरीक्षणं. तिसरा आकडा घातलाय आणि पुढे कोरं. ‘आळस’ असा शेरा दिला. हुशार मुलं थोडं कौतुक झालं की ढिली पडतात.

११ फेब्रुवारी

शेखर तालमीला बसला होता. मी समोर समिती. तो सातवा व्हिडिओ पाठ म्हणत होता, माझ्या थांबण्याच्या जागांसकट. एकदा अडखळला, तर मीच पुढचं वाक्य सांगितलं.

“ताई, तुम्ही मनापासून मदत करताय. मागचं मनात ठेवलं नाहीत, बरं वाटलं.”

“मागचं काय?”

“तेच ते. पुस्तकाचं.”

आठ वर्षांत त्याने पहिल्यांदा तो शब्द काढला. म्हणजे त्याला माहीत होतं. इतके दिवस वाटायचं की त्याला कळलंच नसेल. पर्समध्ये लेटरहेडची झेरॉक्स ठेवली आहे.

१८ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

वर्गात मागे समितीचे तिघं. मधल्या जाणकार बाई, पांढरे केस, गळ्यात भिंग. मी दाराजवळ हजेरीपट घेऊन. शेखरने पडद्यावर दगड आणला, मुलांना प्रश्न विचारले, मुलांनी उत्तरं दिली. मग तो म्हणाला, “आणि ही आपली वीरांगना. हे माझं संशोधन.”

बाईंनी पुस्तक मागितलं. शेखरने अभिमानाने दिलं. त्यांनी पान ३१ काढलं, भिंग लावलं.

“सर, हे ठसे तुम्ही घेतलेत?”

“हो मॅडम. सगळे एक्केचाळीस.”

“शिसं डाव्या हाताने फिरवल्यासारखं वाटतं.”

“पद्धत असते ती.”

“असेल. मग तुमच्या वीरांगनेला मिशी कशी?”

वर्गात हशा पिकला. शेखर पुस्तकावर वाकला. त्या ठशाकडे तो नीट बघतोय हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या मानेवर घाम होता. मी पर्सची चेन उघडली. तो माझ्याकडे बोट दाखवेल, मी कागद काढीन, हे मी महिनाभर रोज मनात करून पाहिलं होतं.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

“मॅडम, ही स्थानिक माहिती आहे. मौखिक परंपरा. आमची विद्यार्थिनी त्याच वाडीची आहे, तिच्याकडून आलेली. सोमी, उभी राहा. तुमच्यात तिला बाईच मानतात ना?”

सोमी उभी राहिली. इथे मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. का नाही तेही लिहिते: मला वाटलं, अजून दोन मिनिटं थांबावं, तो आणखी खोल जाईल.

“मानतात,” सोमी म्हणाली.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“संक्रांतीपासून.”

“म्हणजे, परवाच्या संक्रांतीपासून?”

“व्हिडिओ बघितल्यापासून.”

पुन्हा हशा. या वेळी सोमीवर. तिची मान खाली गेली नाही.

“आणि तू स्वतः काय पाहिलंस?”

“मिशी हाय. शेंदराखाली हाय म्हणून दिसत नाय, पण बोटाला लागते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

सोमीने माझ्याकडे पाहिलं. शेखरकडे नाही.

“आधी आमच्यात बायांना तिथं शिवू देत नव्हते. बाई हाय म्हटल्यावर देतात. मिशी सांगितली असती तर मला मिशी जिथं गावली तीच जागा बंद झाली असती.”

कुणी हसलं नाही. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

आणि शेखरने टाळी वाजवली.

“मॅडम, हेच दाखवायचं होतं! सातव्या व्हिडिओत ही चूक मुद्दाम ठेवली होती. मूल पडद्यावर विश्वास ठेवतं की स्वतःच्या बोटांवर, हे तपासायला. हाच आमच्या पद्धतीचा गाभा.”

मुद्दाम! दिवसभरात तो एवढंच खरं बोलला आणि ते खरं आहे हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दोघांनी माना डोलावल्या, लिहून घेतलं. माझ्या पर्समधल्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं की या मालिकेतलं सगळं त्याचं. चूकही.

जाताना त्या बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या. मी हजेरी भरत होते. त्या पेन धरलेल्या माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या, मग नाव विचारलं, वहीत टिपलं. नावाचं काय करायचंय त्यांना, अहवालात पुन्हा एक शिक्षिका लिहितील.

२० फेब्रुवारी

शेखर पेढे घेऊन आला. शेरा उत्तम. “ताई, आता दुरुस्तीचा व्हिडिओ सोमवारपर्यंत. आणि पुढच्या बॅचसाठीही अशी एखादी चूक शोधून ठेवा.”

पेढा खाल्ला नाही. टाकलाही नाही. टेबलाच्या खणात आहे, मुंग्या लागू देत.

सोमी दोन दिवस आलेली नाही. वाडीतल्या एका मुलीने सांगितलं की मिशीचं बुधूपर्यंत गेलं. त्याने दगडाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलंय.

२२ फेब्रुवारी

सकाळी टमटमने शेणव्याला, पुढे चालत मोहाच्या वाडीला. आठ वर्षांनी. ठशाचा मूळ कागद बरोबर घेतला होता. काय करणार होते त्याचं, कोण जाणे.

ठकी अंगणात वाल पाखडत बसली होती.

“या बाई. खोकत नाय ती बाई तुमीच ना?”

“मीच. आजी, कुंपण घातलंय ऐकलं.”

“घातलेलं. काट्या बेस वाळलेल्या होत्या, चुलीत घातल्या.”

“आणि बुधू?”

“ओरडला. म्हणतो, बाप्या हाय तो, मिशी हाय त्याला. मी बोलले, माझ्या सासऱ्याला मिशी होती, दिराला होती, तुझ्या बापाला तर ही एवढी होती. त्यांना जेवाय वाढताना माझा हात चालला, त्यांना खांद्यावरनं दवाखान्यात नेताना चालला, नि ह्याला चालत नाय व्हय?”

शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी कागद उलगडला आणि म्हटलं की माझी चूक झाली, दगडावर पुरुषच आहे. ठकीने ठशाकडे पाहिलंही नाही.

“ठाव हाय मला. नवी नवरी होते तवा लपून हात लावलेला, मिशी लागली. कोणाला सांगणार? शिवलीस कशी म्हणून मारलं असतं. तुमी बाई हाय म्हणालात, मी बोलले, आता हिला खोटी कशाला पाडू?”

सोमी मला दगडाकडे घेऊन गेली. बांगड्या अजून होत्या, दोन फुटलेल्या. पोचल्यावर तिने विचारलं.

“मॅडम, तुमाला आधीपासनं ठाव होतं ना?”

मी ठसा पुन्हा गुंडाळत होते. तिने तो माझ्या हातातून घेतला, उलगडला आणि मिशीवर बोट ठेवलं. “हा तुमीच काढलाय. खाली तारीख तुमच्या अक्षरात हाय.”

“हो. ठाऊक होतं.”

“सरांना पाडायला?”

“हो.”

तिने कागद गुंडाळला.

“एक्केचाळीस दगड होते ना? मंग आमचाच कशाला?”

सांगायला कारणं होती. ठसा चांगला होता, अंबाडा स्पष्ट होता. ती तिला दिली नाहीत. खरं कारण चालताना कळलं होतं: या वाडीतून कुणी उठून माझं खोटं तपासेल असं मला वाटलंच नव्हतं. शेखरलाही ‘एक शिक्षिका’बद्दल तसंच वाटलं असणार.

“हात लावा,” सोमी म्हणाली. “कागुद नको.”

लावला. तेलकट, उन्हाने कोमट शेंदूर. त्याखाली, ओठावर, एक बारीक कड.

२३ फेब्रुवारी

पुन्हा वाडीत. दुरुस्तीचा व्हिडिओ झाला. त्यात मी नाही. सोमी दगडापाशी उभी राहून बोलते, साडेतीन मिनिटं, मध्ये न तोडता. “मी सोमी. माझ्या आजीनं सगळ्यात आधी बघितलं, मग मी.” जागोजागी ‘मी’ आहे, शेखरला त्यावर स्वतःचं नाव चढवता येणार नाही. तेवढं मी बघितलं. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

शेवटी ती म्हणते, “तिसरं निरीक्षण. चाळीस दिवस बायांनी ह्याला हात लावला. दगडाला काय झालं नाय. बायांना पण काय झालं नाय.” बुधू लांब आंब्याखाली उभा राहून ऐकत होता. पुढे आला नाही, अडवलंही नाही.

निघताना सोमीने निरीक्षणांचा कोरा कागद माझ्यापुढे धरला.

“तुमचं पण लिहा, मॅडम. नियम सगळ्यांना.”

दगडाला पाठ टेकून लिहिलं. एक, अंबाडा आहे, तो पुरुषांनाही असे. दोन, मिशी आहे, ती हाताने कळते. तिसऱ्या आकड्यापाशी मी थांबले. तिच्या कोऱ्या जागेला मी आळस म्हटलं होतं.

लिहिलं: मला हे आठ वर्षांपासून माहीत होतं आणि मी मुलांना मुद्दाम खोटं शिकवलं. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

सोमीने वाचलं. अंगठ्याने नीट घडी पाडली आणि कागद दप्तरात, वह्यांच्या मागच्या कप्प्यात ठेवला.

असा कागद माणूस कशासाठी जपून ठेवतो, ते मला माहीत आहे.